नोंदवही आधी वाड्यावर वाचून दाखव

कोल्हापूर,
म्हाताऱ्या पावसाचा तिसरा दिवस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला, वाचला. राधानगरी, गगनबावडा आणि शाहूवाडीकडच्या धनगरवाड्यांवर राहून हवामान कसं बदलतंय, रानात काय कमी-जास्त होतंय आणि तिथली माणसं त्याकडे कसं बघतात याची नोंद करायची, हा बेत चांगला आहे. शिष्यवृत्ती मिळाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलंच होतं. कौतुक भेटल्यावर करीन, आता कामाचं लिहिते.

पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस, ‘जगातली ८० टक्के जैवविविधता मूलनिवासी समाजांच्या भूमीत टिकून आहे.’ हे वाक्य आजच काढ. हा आकडा मी कित्येक वर्षं भाषणांत, भित्तिपत्रकांवर, मोठमोठ्या संस्थांच्या अहवालांत बघत आले. २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात काही अभ्यासकांनी त्याचा माग काढला. त्यांच्यात स्वतः मूलनिवासी समाजांतली माणसंही होती. निघालं ते एवढंच, की या आकड्याला आधार नाही. असणार तरी कसा? जैवविविधता मोजायची म्हणजे प्रजाती मोजायच्या, जनुकं मोजायची की सगळी परिसंस्था? कितीतरी किडे आणि बुरश्या अजून बिननावाच्या आहेत, त्यांचे टक्के कुणी काढले?

त्याऐवजी जे पडताळलेलं आहे ते लिही. २०१८ च्या एका जागतिक अभ्यासात ८७ देश मिळून किमान ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर जमिनीवर मूलनिवासी समाजांचा हक्क किंवा राबता असल्याचं दिसलं. पृथ्वीवरच्या जमिनीचा हा जवळपास चौथा हिस्सा, आणि जगातल्या जमिनीवरच्या संरक्षित क्षेत्रांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र त्यात येतं. सुमारे दहा लाख प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत असं सांगणारा जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा (आयपीबीईएस) २०१९ चा अहवाल तुला माहीत आहेच. त्याच अहवालात असंही म्हटलं आहे की या समाजांच्या हातातल्या भूमीत निसर्गाची घसरण इतर ठिकाणांपेक्षा सावकाश चालली आहे. सावकाश, थांबलेली नाही. एवढ्यावर तुझा मुद्दा उभा राहतो. फुगवलेला आकडा कुणी पकडला, की तो उरलेलंही सगळं उडवून लावतो, आणि त्याची किंमत तुला नाही, वाड्यावरच्या माणसाला मोजावी लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आराखड्यात तू सगळीकडे ‘आदिवासी’ लिहिलं आहेस. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक टक्क्याच्याही आत होती. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेलं क्षेत्र इथं नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदाही लागू नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पण ती वाट इथं जशीच्या तशी चालता येत नाही. आपल्या घाटमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून, खवा-तूप विकून, उताराच्या तुकड्यांवर नाचणी-वरी काढून राहिले ते मुख्यतः धनगर-गवळी. राज्याच्या यादीत ते भटक्या जमाती (क) मध्ये आहेत, अनुसूचित जमातींत नाहीत. त्यावरून चाललेलं राजकारण तू पेपरात वाचतेसच. त्यात शिरू नकोस, पण त्याचा कायद्याच्या अंगानं होणारा परिणाम तोंडपाठ कर, कारण गाडं तिथंच अडतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याला दोन दारं आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण त्या जंगलात राहतो, त्यावर जगतो एवढं दाखवलं की त्याचा दावा पुढे सरकतो. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असतील त्यांना त्याच तारखेच्या मागे तीन पिढ्या दाखवाव्या लागतात, आणि पिढी म्हणजे २५ वर्षं. हिशेब कर, १९३० साल येतं. तेव्हा इथं कोल्हापूर संस्थान होतं, ते मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्यातही विशाळगड आणि बावडा या वेगळ्या जहागिऱ्या, म्हणजे शाहूवाडीच्या आणि गगनबावड्याच्या वाड्यांचं दप्तर आणखी तिसरीकडे. दाजीपूरचं रान तर दरबारी शिकारीसाठी राखलेलं. मग म्हशीमागं हिंडणाऱ्या माणसानं नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कुठून? आज्याला कुणी चराईची पावती दिली असली तरी ती कारवीच्या कुडात खोचलेली, आणि कूड तर दर दोन-चार वर्षांनी नवा घालायचा.

एक बारकावा मात्र लक्षात ठेव. कायदा ७५ वर्षं वास्तव्याची मागतो, तोच तुकडा ७५ वर्षं कसल्याची नव्हे. अनेक दावे या घोळात मागे पडतात. वाड्यावरच्या लोकांनाही कुणीतरी उलटंच सांगून ठेवलेलं असतं. तू गेलीस की हे नीट समजावून सांग.

पुरावा म्हणजे सातबारा, असं सगळे धरून चालतात. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम काढून वाच. त्यात गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षणाचे नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना आहेत. घर, बांध, ताली आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं निवेदन आहे. नावाजलेल्या संस्थांनी केलेला रूढी-परंपरांचा अभ्यासही आहे. सामूहिक हक्कासाठी तर चराईची कुरणं, कंदमुळं, चारा आणि रानफळं गोळा करायच्या जागा, पाणवठे, औषधी वनस्पतींची ठिकाणं, पवित्र झाडं, देवराया, दफनाच्या जागा हे सगळं धरतात. शिवाय असे एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. ही यादी आणि तुझ्या आराखड्यातली ‘निरीक्षणाचे विषय’ ही यादी शेजारी ठेवून बघ. जवळपास एकच आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की तुझी नोंदवही प्रबंधाच्या आधी ग्रामसभेत उपयोगी पडली पाहिजे. मार्गदर्शक बाईंना काय आवडेल, परदेशी नियतकालिक काय छापेल, हे नंतर. वाड्याची वनहक्क समिती, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती, या तिन्ही टेबलांवर तुझं पान टिकेल असं लिही. तसं लिहिलेलं पान शास्त्रालाही जास्त उपयोगी पडतं, हे माझं अनुभवाचं मत.

कसं लिहायचं ते सांगते. आपल्याकडच्या वह्यांत असं असतं: ‘हिरडा. टर्मिनालिया चेब्युला. औषधी. आढळ सामान्य.’ हे कुणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी लिही, की वाड्याच्या पश्चिमेला ओढा ओलांडून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, चढणाऱ्या पायवाटेला मोठे हिरडे किती आणि त्यांचा घेर किती. तिथला बाळहिरडा कोणत्या घरच्या बायका गोळा करतात, सासूच्या वेळीही त्याच घरचा मान होता का. वाळवून कुणाला विकतात, किलोला काय मिळतं, पैसे बाईच्या हातात पडतात की घरधन्याच्या. कुठल्या साली कुणी अडवलं का, अडवलं तर पावती फाडली की नुसती दमदाटी केली. खोडावर कुऱ्हाडीचे घाव आहेत का, जुने की ताजे. त्या झाडांखाली रोपं आहेत का. सांगणाऱ्या बाईचं माहेर कुठलं, आणि ती सांगत होती तेव्हा तिथं आणखी कोण बसलं होतं, हेही लिही. वनखात्याचा गार्ड बसलेला असताना दिलेलं उत्तर वेगळं असतं आणि चुलीपाशी दिलेलं वेगळं.

वय विचारून काही हाती लागत नाही. काळाच्या खुंट्या वापर. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तो सगळ्यांना आठवतो. ‘भूकंपात हेच घर होतं का, की अलीकडं बांधलं?’ मग ७२ चा दुष्काळ. मग काळम्मावाडीच्या धरणाचं काम. त्याच्या मागं जायचं तर ‘तुझ्या सासऱ्याचं लगीन झालं तवा वाडा कुठं हुता?’ असं विचारावं लागतं. एका नातवंडापासून सुरुवात करून पाच पिढ्यांची वंशावळ लिहिलीस, की १९३० कधी मागे पडलं ते कळतही नाही.

आणि मोडी शिकून घे. थट्टा करत नाही. इथल्या पुराभिलेख कार्यालयात संस्थानकाळचं दप्तर आहे आणि त्यातलं बरंच मोडीत आहे. रोज दोन तास बसलीस तर एका पावसाळ्यात वाचण्यापुरती जमते. चराईची फी, जनावरांची मोजदाद, शिकारीच्या हाक्याला बोलावलेल्या वाड्यांची नावं, असं काही सापडतंय का ते बघायचं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीनं रुमालात बांधलेली दप्तरं सोडावीत हे तुझ्या विभागात कुणाला विचित्र वाटेल. वाटू दे.

हवामानाच्या प्रश्नावलीला मी जवळजवळ सगळीकडे काट मारली आहे. ‘गेल्या तीस वर्षांत हवामान बदललं आहे असं आपणांस वाटतं का?’ याला कुणीही ‘व्हय’ म्हणेल. टीव्हीवर ऐकलेलं असतं, आणि पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. कामाचं विचार. नाचणीचा तरवा कधी टाकता? कुडाची कारवी कधी तोडता? म्हशींना सड्यावरचं गवत कधीपर्यंत पुरतं? जांभळीला मोहोर कधी येतो, आग्यामोहोळ कुठल्या कड्याला आणि कधी बसतं? काजवे कधी दिसायला लागतात? झऱ्याला पाणी शिमग्यापर्यंत असतं की अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि आईच्या वेळी कुठवर असायचं?

उत्तरं नक्षत्रांत येतील, ती तशीच लिहून घे. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरलेली, त्यामुळे तारखा जवळपास ठरलेल्या: मृग ७-८ जूनला, तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हातारा म्हणजे पुष्य २० जुलैच्या सुमारास, आश्लेषा ऑगस्ट लागताना. म्हणजे म्हातारीनं ‘आदी तरण्यातच वडा भरायचा, आता म्हाताऱ्यात बी वाट बघाय लागती’ असं म्हटलं, की तुझ्या हातात पंधरा दिवसांच्या फरकाची नोंद आली. २०१९ चा महापूर आश्लेषात आला आणि २०२१ चा म्हाताऱ्यात, हे वाड्यावर कुणालाही विचार, क्षणात सांगतील. अर्थात माणसाची आठवण वाईट वर्षं जास्त धरते. म्हणून एकाच गोष्टीबद्दल निदान दोन वाड्यांवर, एकमेकांना न सांगता विचारायचं.

२०१७ चा तो प्रसिद्ध अभ्यास तू दिला आहेस, मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीनं वाढल्याचा. अभ्यास भक्कम आहे, पण तो मध्य भारताच्या पट्ट्याचा. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे झोके वाढले हे त्यामागचं कारण आपल्यालाही लागू होऊ शकतं, आकडा मात्र इथं चिकटवू नकोस. घाटमाथ्यावर शंभर मीटर इकडे-तिकडे पाऊस बदलतो. त्यापेक्षा प्रत्येक वाड्यावर एक साधा पर्जन्यमापक लाव आणि शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीला वाचायला शिकव. महसूल मंडलाच्या यंत्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस भरला तर अतिवृष्टी धरतात, पंचनामे होतात. ते यंत्र खाली गावात, आणि नाचणी वाहून गेली ती वर. वाड्याची स्वतःची वही असेल तर तलाठ्यापुढं ठेवायला काहीतरी राहतं.

भुदरगड तालुक्यात पाटगावला जा. ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं आहे. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा माणूस फुलोऱ्याकडे जेवढं लक्ष देतो तेवढं आपण विद्यापीठातलेही देत नाही. जांभळीचा मोहोर आला आणि त्यावर अवकाळी पाऊस पडला तर मध किती घटतो, कारवी फुलते त्या वर्षी किती वाढतो, हे त्याला पेटीगणिक माहीत असतं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे कुठल्या उताराला कोणत्या साली फुलली होती हे त्याच्याकडून काढून घे. मध काढल्याच्या तारखा लिहून ठेवणारा कुणी भेटला तर बाकीची मुलाखत राहू दे, आधी ती वही मागून बघ.

देवराईवरचं तुझं प्रकरण जरा पुस्तकी झालं आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं ते वाचलंस हे दिसतं. पण आजऱ्या-चंदगडकडच्या रवळनाथाच्या राईत आज उभी राहशील तेव्हा वर बघू नकोस, खाली बघ. वर अजून शंभर फुटांचं झाड असतं, वेल असतात, धनेशाची ढोली असते, फोटो छान येतो. खाली काय आहे? पूर्वी गुडघाभर पालापाचोळा असायचा, त्यातून रोपं उठायची, पडलेली फांदीसुद्धा कुणी नेत नसे. मग देवळाचा जीर्णोद्धार निघतो. कौलांच्या जागी स्लॅब येतो, समोर मंडप, भोवती पेव्हर ब्लॉक, आणि ‘परिसर स्वच्छ’ म्हणून आठवड्याला झाडलोट. मोठी झाडं कुणी तोडत नाही, देवाची भीती आहेच. पण त्यांच्या पोटचं एकही रोप वाढत नाही. शंभर वर्षांनी ती झाडं वठली की राई संपली, आणि कुणी कुऱ्हाड लावली असं म्हणायचीही सोय नाही. एक मीटरचा चौकोन आख, देवळाजवळ एक आणि राईच्या लांबच्या कडेला एक, आणि दोन्हींतली रोपं मोज. तो तक्ता गावच्या बैठकीत ठेव. स्लॅबसाठी वर्गणी मुंबईच्या मंडळींनी पाठवली असेल तर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाक. भांडणाच्या सुरात नको, देवाचं रान देवाला राहील का एवढाच प्रश्न.

आता काय लिहायचं नाही ते. नरक्याच्या झाडाचं उदाहरण घे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. हे बाहेर कळलं तशी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. पकडला गेला तर डोक्यावर मोळी असणारा मजूर, आणि पैसा झाला तो कुठल्या कुठं. म्हणून नरक्या, रानातली ऑर्किडं, कंदीलपुष्पं यांचं नेमकं ठिकाण छापील प्रबंधात नको, इन्स्टाग्रामवर तर नकोच. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते, ती आधी बंद कर. कंदीलपुष्पं ओळखायला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जा, तिथं दुर्मीळ जाती जपलेल्या आहेत. गुराखी त्यांचे कंद खणून खातात हे लिहायला हरकत नाही, पण कोणत्या सड्यावर, हे वाड्याच्याच वहीत राहू दे.

औषधी ज्ञानाचं तसंच. जैवविविधता करारातलं कलम ८(जे), २०१० चा नागोया करार, आपला २००२ चा जैवविविधता कायदा, सगळे म्हणतात की संमती घ्या, लाभातला वाटा द्या. वनहक्क कायद्यातही पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मानलेला आहे. केरळातल्या काणी लोकांचं उदाहरण तू दिलंस ते योग्यच: १९८७ मध्ये काणी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपाचा या वनस्पतीची फळं खाऊ घातली, त्यातून ‘जीवनी’ औषध निघालं आणि परवान्याच्या पैशांतला निम्मा वाटा काणींच्या न्यासाकडे गेला. मात्र ती व्यवस्था सगळ्या काणींना मान्य होती असं नाही, हेही लिही. आपल्याकडे लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावोगावच्या सजीवांच्या आणि त्यांविषयीच्या ज्ञानाच्या वह्या, आहेत. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि राज्योराज्यी पाट्या टाकल्यासारख्या वह्या भरल्या गेल्या. तू जाशील त्या गावची वही ग्रामपंचायतीत मागून बघ. शेजारच्या गावाचीच यादी उतरवलेली निघाली तर नवल वाटून घेऊ नकोस, ती सुधारून देणं हेही तुझ्या कामात धर.

संमतीचा छापील फॉर्म तुला विद्यापीठ देईल. तो घे, सह्या घे, पण त्याला संमती समजू नकोस. मला एका म्हातारीनं विचारलं होतं, ‘मागल्या खेपंला पोरं आली, हिरड्याचं समदं लिवून नेलं, त्येचं काय झालं?’ दर महिन्याच्या शेवटी, लिहिलेलं सगळं वाड्यावर मोठ्यानं वाचून दाखव. बायका ‘हे नगं’ म्हणाल्या तर त्यांच्यासमोर खोड. पुरुषांनी सांगितलेलं बायका हसून मोडीत काढतील, तेही लिही. या वाचनात जितकं नवीन कळतं तितकं मुलाखतीत कळत नाही.

गोडवे मात्र गाऊ नकोस. ‘निसर्गाचे रक्षक’ वगैरे विशेषणं माणसाला देव्हाऱ्यात बसवतात, आणि मग त्याच्या पोरानं मोटारसायकल घेतली तरी शहराला धक्का बसतो. कोवळं गवत यावं म्हणून सड्याला वणवा लावणारे वाड्यांवरही आहेत, आणि सिगारेटचं थोटूक टाकणारे पर्यटकही. दोन्ही लिही. भेकराची शिकार होते, तेही लिही, नावं न घेता. म्हशी कमी झाल्या, पोरं एमआयडीसीत आणि हॉटेलांत गेली, त्यामुळे चराईचं दडपण घटलं आणि काही सड्यांवर झुडपं वाढली, तर ते फुलांना बरं की वाईट हे आधीच ठरवून जाऊ नकोस. बॉक्साइटच्या खाणीत त्याच वाड्यावरचा माणूस रोजंदारीला जातो आणि त्याच सड्याचं गवत गेलं म्हणून हळहळतो. त्याला विसंगत ठरवायची घाई नको, त्याला घर चालवायचं आहे.

कार्बन क्रेडिटचं प्रकरण वगळलंस तरी चालेल. त्यातलं अजून बरंच हवेत आहे. एकच खबरदारी घे: कुणी कंपनीचा माणूस तुझी ओळख सांगून वाड्यावर करारनामा घेऊन आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका, हे आधीच सांगून ठेव. २०२२ च्या मॉन्ट्रियल परिषदेत २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरलं, ते मात्र ठेव. त्याच उद्दिष्टाच्या मजकुरात मूलनिवासी आणि स्थानिक समाजांच्या हक्कांचा मान राखून, असं स्पष्ट आहे. राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. चांदोलीतून उठवलेल्या गावांचे लोक किती वर्षं पुनर्वसनासाठी कचेऱ्यांच्या दारात बसले, हे माहीत असलेल्याला ते वाक्य वाचताना नुसतं बरं वाटत नाही, ते दाखवून हक्क मागता येतो.

तुझ्या मैत्रिणी विचारतील की या सगळ्याचा शहराशी काय संबंध. माझ्या नळाला काळम्मावाडीचं पाणी येतं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ व २०२१ मध्ये ती ५५ च्याही वर गेली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे इथं शेंबडं पोर सांगतं. त्या दरवाज्यांच्या वरच्या रानात कोण राहतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. पुराला नदीपात्रातली बांधकामं, पूररेषेतले भराव, धरणांतून सोडायच्या पाण्याचं वेळापत्रक, अशी आणखीही कारणं आहेत, तेव्हा सगळं खापर हवामानावर फोडू नकोस. शिरोळात गेलीस तर कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर तासभर ऐकावं लागेल, चहा पिऊन ऐक.

गौरी-गणपती झाले की ये. आधी माझ्याकडे उतर. रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी सकाळी गाठायची. जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पूड बरोबर ठेव, पायमोजे लांब घे. वाड्यावर रिकाम्या हातानं जायचं नाही, चहापत्ती आणि साखर न्यायची. पैसे देऊ नकोस, पण कुणाचा दिवसाचा रोजगार तुझ्यामुळं बुडाला तर तेवढी मजुरी मोजून दे आणि हिशेबात तसं लिही.

सर्व्हे ऑफ इंडियाचे आपल्या भागाचे १:५०,००० चे नकाशे मिळव, जुनी आवृत्ती मिळाली तर फार बरं, तिच्यात धनगरवाडे दाखवलेले आहेत का ते बघता येईल. मोठ्या कागदावर छापून आण. मोबाइलवर एक जण बघतो आणि बाकीचे नुसते बसतात. कागद अंगणात पसरला, चार कोपऱ्यांना दगड ठेवले, की सगळे भोवती वाकून बोटं ठेवायला लागतात, आणि कुठला ओढा कुणाचा यावरून वाद सुरू होतो. तो वाद थांबवू नकोस, रेकॉर्डर चालू ठेव.

तुझी,
बाई